काच घेऊन रस्ता ओलांडताना

आमच्या यांना कशाचीच भीती वाटत नाही, आणि मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटत आली आहे. लग्न होऊन आले तेव्हापासून बघते. माणसापेक्षा उंच काच दोन हातांत धरून चालतात, पण हातमोजे म्हणून घालायचे नाहीत. विचारलं की म्हणतात, "मोजा घातला की काच मुकी होते. ती कुठे वाकतेय, कुठे कुरकुरतेय, ते बोटांना कळायला नको?" बोटांवर जुन्या जखमांच्या इतक्या रेघा आहेत की कुठल्या कचेरीत अंगठा द्यायची वेळ आली तर समोरचा कारकून डोक्याला हात लावेल.

आमचं काचेचं दुकान रस्त्याच्या या बाजूला. बरोबर समोर, त्या बाजूला, यांच्या धाकट्या भावाचं चौकटींचं दुकान. इकडे हे हिरकणीने काच कापणार, तिकडे नेऊन भाऊजी ती लाकडात बसवणार. माझ्या सासऱ्यांनी दोघांना मुद्दाम समोरासमोर बसवलं होतं. म्हणायचे, "भांडलात तरी सकाळी दार उघडल्यावर एकमेकांचं तोंड बघावं लागेल." आणि भांडले की हो, कैकदा भांडले. एकदा तर चौकट आखूड की काच जास्त यावरून अख्खा आठवडा अबोला. पण काच उचलायची वेळ आली की मुकाट्याने भाऊजी रस्ता ओलांडून यायचे आणि मागची बाजू धरायचे.

काच न्यायची यांची पद्धत ठरलेली. पुढे हे, मागे भाऊजी. पुढच्याने रस्ता बघायचा, मागच्याने फक्त पुढच्याची पाठ. मागच्याने मान वळवली की त्याचं पाऊल चुकतं, पाऊल चुकलं की काच पिळवटते, आणि पिळवटलेली काच कधी फुटेल याचा नेम नाही. हे पायरी उतरायच्या आधी ओरडायचे, "काच!" की सगळा रस्ता जागच्या जागी थांबायचा. सायकलवाला पाय टेकायचा, शिंपी सुई हातात धरून दारात यायचा, दवाखान्यासमोरच्या बाकावर बसलेल्या म्हाताऱ्या बोलायच्या थांबायच्या. काच पलीकडे गेली की पुन्हा चालू.

रस्ता काय, बोळापेक्षा जरा बरा इतकंच. मधेच एक वळण, वळणावर दोन जुनी झाडं, खाली दगडी फरशी, तीही वरखाली. गाडी त्यावरून जोरात न्यायची कोणाची हिंमत नव्हती. इथली माणसं मोठी शिस्तीची होती असं मुळीच नाही, माझा शिंप्यावर काडीचा विश्वास नाही. पण रस्ताच असा होता की माणूस आपोआप हळू व्हायचा.

मग एक दिवस वरून ठरलं की आमचा रस्ता सुधारायचा. सगळी गल्ली खूश. शिंपी तर कामगारांना आपणहून चहा देत होता. वळण सरळ झालं, झाडं गेली, फरशी गेली, वरून गुळगुळीत डांबर, मधे सिमेंटचा दुभाजक. फुटपाथ एवढासा उरला, पण उंच मात्र गुडघ्याइतका. त्या दुभाजकात आमच्या दोन दुकानांच्या मधे एक फट ठेवली होती, तीही यांनी हातापाया पडून ठेवून घेतली म्हणून. बाकी सगळं मोठ्या रस्त्यासारखं. नाकापेक्षा मोती जड!

थोडेच दिवस गेले असतील. मोठ्या रस्त्यावरच्या गाड्यांना कळलं की इथून गेलं की सिग्नल चुकतो. मग काय, लोंढाच लागला. बाक काढला होता, तो परत आलाच नाही, म्हणून म्हाताऱ्या बाहेर येईनाशा झाल्या. शिंप्याची पलीकडची गिऱ्हाइकं तुटली, कारण एक बाही आखूड करून घ्यायला कोण जीव मुठीत धरून रस्ता ओलांडेल? शिंपी मूग गिळून गप्प. चहा पाजून बसला होता ना.

आणि आमची काच? काच तर जायलाच हवी. टेम्पोत घालून लांबच्या सिग्नलवरून वळवून आणावी तर दोनदा चढवा, दोनदा उतरवा, वर तो गुडघाभर उंच फुटपाथ. पहिल्याच खेपेत दोन तावदानं तडकली. हे म्हणाले, "समोरच्या घरी जायला गावाला वळसा? मी पायी नेणार."

रोज यांची "काच!" अशी हाक ऐकली की मी असेल ते काम टाकून दारात यायची. हाक त्या गाड्यांच्या आवाजात बुडून जायची. भाऊजींची मान आताशा वळायला लागली होती. वळणार नाही तर काय, माणूस आहे. मी यांना किती वेळा सांगितलं, "अहो, काचेवर खडूची मोठी फुली मारा. निदान कागद तरी चिकटवा. लोकांना ती दिसत नाही हो!"

तर हे माझ्याकडे असे बघतात जणू मी यांच्या ताटात माती कालवली. "डाग घेऊन माझी काच दाराबाहेर जाणार नाही. दिसली, तर ती काच कसली?" आणि परत फडकं घेऊन पुसायला लागायचे. तोंडाची वाफ टाकायची, पुसायचं, तिरकं होऊन बघायचं, पुन्हा पुसायचं. पालथ्या घड्यावर पाणी!

दवाखान्याच्या नव्या दारासाठी मोठी काच करायची होती. ती घेऊन दोघं निघाले तेव्हा दुपार होती, ऊन स्वच्छ पडलं होतं. फटीपर्यंत पोचले. पलीकडचा अर्धा रस्ता रिकामा दिसला म्हणून यांनी पाऊल टाकलं. तेवढ्यात मोटारसायकलवरून एक मुलगी आली, मागे सामानाची मोठी पेटी. पोचवायच्या घाईत असणार. ती काचेच्या रोखाने सरळ येत होती. हळू नाही, वळत नाही, काही नाही. तिला पलीकडचा मोकळा रस्ता दिसत होता ना! मी किंचाळले. भाऊजींची मान वळली, पाऊल थांबलं. पुढे हे चालतेच होते. काच पिळवटली.

यांनी त्या क्षणी जे केलं ते जन्मात केलं नव्हतं. काच सोडली. नुसती सोडली नाही, त्या मुलीपासून लांब, स्वतःच्या अंगावरून पलीकडे ढकलून दिली. आवाज झाला तो अजून माझ्या कानात आहे. मुलगी घसरली, आपटली, आणि उठून उभी राहिली. कोपर खरचटलं तेवढंच. हे मात्र खाली बसले होते, उजवा हात डाव्या हातात धरून, आणि बोटांमधून रक्त नुसतं वाहत होतं.

ती पोरगी रडत रडत एकच सांगत होती, "तिथे काहीच नव्हतं हो काकू! खरंच काही नव्हतं!"

"काही नव्हतं खरं," हे म्हणाले. "फार पुसली मी."

दवाखान्यात टाके पडले. दोन बोटांच्या शिरा गेल्या, ती पुन्हा वळायची नाहीत असं डॉक्टरांनी सांगितलं. मी यांच्यावर इतकी चिडले होते की रडूही येईना. घरी आल्यावर मी म्हटलं, "आता तरी फुली माराल?" हे भिंतीकडे बघत म्हणाले, "मारीन."

भाऊजींनी मात्र हात टेकले. दुसऱ्या दिवशी दारात उभे राहून, आत न येता म्हणाले, "वहिनी, दादाला सांगा, मी आता काच उचलणार नाही. मी मान वळवली म्हणून हे झालं. मला पाठ बघवत नाही आता." आणि दुसरीकडे जागा बघायला लागले. ते ऐकून हे त्या दिवशी जेवले नाहीत.

वर आणखी कचेरीचा माणूस येऊन सांगून गेला की अपघात झालाय, तेव्हा आता दुभाजकावर शेवटपर्यंत लोखंडी कठडा बसणार आणि ती फट बंद होणार. रोगापेक्षा इलाज भयंकर तो असा. कठडा बसला की सासऱ्यांनी समोरासमोर मांडलेली दुकानं कायमची तुटली, आणि नाही बसला तर पुढच्या खेपेला माणूस जाणार. मला दोन्ही नको होतं. मी पदर खोचला आणि कचेरी गाठली.

तिथे एक इंजिनिअर मुलगी होती. मी जे सुटले ते सुटलेच. "नकाशा काढताना आमच्या दारात येऊन उभ्या होतात का कधी? समोर कोण राहतं, कोण कुठे जातं, विचारलंत का कोणाला?"

मला वाटलं आता शिपायाला बोलावेल. ती म्हणाली, "नव्हते आले, काकू. सगळ्या रस्त्यांना एकच नकाशा लावला होता. उद्या येते." काकू म्हणाली ते मला आवडलं नाही, माझे केस अजून काळे आहेत. पण आली खरी. सकाळपासून आमच्या पायरीवर बसून राहिली. मी म्हटलं, "दोन चांगले स्पीडब्रेकर टाका आणि मोकळ्या व्हा."

"तुमचे भाऊजी काच घेऊन त्या स्पीडब्रेकरवरून कसे चालतील?" ती म्हणाली. मग तिने समजावलं. तुम्ही खाली उतरायचं नाही, गाडीने वर चढायचं. दोन दुकानांच्या मधला रस्ताच उचलून फुटपाथच्या पातळीला आणायचा, फुटपाथ रुंद करायचा आणि गाडीची वाट अरुंद. दुभाजक काढून टाकायचा, मूळचं वळण परत आणायचं, वळणावर झाडं. रस्ता लांब आणि सरळ दिसला की पाय आपोआप दाबला जातो, म्हणाली, आणि पुढे माणसं, झाडं, दुकानं दिसली की उचलला जातो. पोरगी हुशार होती हे मला तिथेच कबूल करावं लागलं. तोंडावर केलं नाही.

पण मोठे साहेब तयार होईनात. शेवटी एवढंच पदरात पडलं की आधी तात्पुरतं करून बघा, मग मी येऊन ठरवतो. कठड्याचं लोखंड मात्र त्यांनी आधीच पाठवून दिलं. ते आमच्याच दारालगत रचून ठेवलं होतं. दार उघडलं की पहिलं दर्शन त्याचं.

दुभाजक तोडला. रंगवलेली पिंपं मांडून वळण केलं, कुंड्या ठेवल्या, मधला भाग फळ्या आणि मुरूम टाकून उचलला. पहिले दिवस म्हणजे नुसता शिमगा! पाठोपाठ हॉर्न, शिव्या, दोन पिंपं कोणीतरी उडवून दिली. शिंप्याच्या मालाचा टेम्पो उभा राहायला जागा नाही म्हणून तो इंजिनिअर बाईच्या अंगावर धावला. तिने पिंपं सरकवून टेम्पोला खाच करून दिली. लांबच्या गाडीवाल्यांनी साहेबांकडे तक्रारी केल्या त्या वेगळ्याच. पण हळूहळू आडवाटेने घुसणारे कमी झाले. एका दुपारी दवाखान्यासमोर एक म्हातारी घरून खुर्ची आणून बसलेली दिसली. दुसऱ्या दिवशी दोघी होत्या. शिंप्याकडे पलीकडून एक बाई पिशवी घेऊन आली, तर त्याने तिला देव भेटल्यासारखं बसवून घेतलं.

काच मात्र अजून एकदाही गेली नव्हती. दवाखान्याची काच यांनी मला हिरकणी धरायला शिकवून, डाव्या हाताने माझा हात दाबत, माझ्याकडून कापून घेतली होती. भिंतीला टेकून ती वाट बघत होती. आणि मोठे साहेब येणार, तो दिवस उजाडला.

साहेब आले ते घड्याळात बघतच. इंजिनिअर बाईचा चेहरा उतरलेला. ती माझ्या कानात म्हणाली, "काकू, कठडा बसवायची माणसं मागच्या गाडीत आहेत."

हे शेजारीच होते, त्यांनी ते ऐकलं. उठले. उजव्या पंजाला कापडाची पट्टी गुंडाळली, खडूने काचेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत फुली मारली आणि म्हणाले, "अगं, मागून धर."

"अहो, वेड लागलंय का? दोन बोटं वळत नाहीत तुमची!"

"धरतेस की एकटा नेऊ?"

जित्याची खोड! हे एकट्याने उचलतील याची मला खात्री होती, म्हणून धरली. काच अशी जड असते हे मला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. दाराबाहेर आलो. माझे हात थरथरत होते आणि काच ते सगळं यांच्या बोटांना सांगत असणार. तेवढ्यात समोरून भाऊजी धावत आले, हातात रंधा तसाच. तो त्यांनी आमच्या पायरीवर टाकला.

"वहिनी, सोडा. तुम्हाला नाही जमायचं."

"तुम्ही तर उचलणार नव्हतात?"

"सोडा म्हणतो ना!" त्यांनी मागची बाजू घेतली. यांनी मागे वळून बघितलं नाही. फक्त म्हणाले, "पाठ बघ."

मग हाक दिली. इकडून विटांनी भरलेला ट्रक येत होता, तिकडून बस. दोघं चालू लागले. खाली उतरायचं नव्हतं, सपाटच होतं, पावलं जुळलेली होती. ट्रक त्या चढाशी आला आणि मला पुन्हा ते ऊन, ती मोटारसायकल, तो आवाज, सगळं आठवलं. मी डोळे मिटून घेतले. उघडले तर ट्रक थांबला होता. बसही थांबली होती.

आणि बरोबर मध्यावर यांचा हात सुटायला लागला. मला पाठीवरूनच कळलं, उजवा खांदा खाली आला. भाऊजींना कळलं असणार, पण त्यांनी मान हलवली नाही. यांनी गुडघे वाकवले आणि काचेची कड हळूच स्वतःच्या बुटावर टेकवली, जमिनीला लागू नये म्हणून. आणि तसेच उभे राहिले. भर रस्त्यात काच टेकवून! दोन्हीकडे गाड्यांची रांग वाढत चाललेली. यांना पुन्हा उचलता येईना.

मागून कोणीतरी हॉर्न वाजवला. साहेबांनी मान उंच करून बघितलं. माझ्या मनात आलं, संपलं, आता बसला कठडा. तर ट्रकवाल्याने चक्क इंजिन बंद केलं. त्याचा क्लीनर बाहेर लोंबकळून मागच्यावर खेकसला, "ए, काच दिसत नाही का?" मग खिडकीतून ट्रकवाला म्हणाला, "होऊ द्या सावकाश, काका."

मी धावले. शिंपी माझ्या आधी पोचला होता. दोघांनी यांच्या दोन्ही बाजूंनी काच धरली आणि उचलली. यांचा हात काढून टाकायचा मी प्रयत्न केला, पण त्यांनी तो काचेवरून काढला नाही. नुसता टेकवून ठेवला. तसेच चौघं पलीकडे पोचलो. मग ट्रक सुरू झाला, बस गेली, मागच्या गाड्या एकामागून एक चढ चढून उतरून निघून गेल्या.

साहेब माझ्याजवळ येऊन म्हणाले, "हे असं रोज चालायचं इथे?"

"रोज चालायचं," मी म्हटलं. "मधे तुम्ही बंद पाडलंत."

इंजिनिअर बाईने माझ्याकडे डोळे वटारले. साहेब खुर्च्यांवरच्या म्हाताऱ्यांकडे बघत होते. मग मागच्या गाडीतल्या माणसांना त्यांनी हाक मारली आणि लोखंड परत चढवायला सांगितलं. इंजिनिअर बाईला म्हणाले, "पक्कं करून घ्या. झाडं कुठली लावायची ते यांनाच विचारा."

मला तिथेच ओरडावंसं वाटलं. आम्ही वाचलो, दोन्ही दुकानं वाचली, आता यांना सांगायचं म्हणून मी भाऊजींच्या दुकानात शिरले. काच चौकटीजवळ नीट उभी होती. हे रंध्याच्या भुश्यात, जमिनीवर बसले होते. पट्टी लाल झाली होती. भाऊजी पाण्याचा तांब्या घेऊन उभे होते आणि हे घेत नव्हते.

"अहो, ऐकलंत का? कठडा नाही बसणार! रस्ता असाच राहणार!"

"ऐकलं," हे म्हणाले. "ही माझी शेवटची."

"शेवटची काय?"

"उचलली ती. मला सकाळीच ठाऊक होतं, हात धरणार नाही. पण हा," त्यांनी भाऊजींकडे हनुवटी केली, "दुसऱ्या कोणासाठी पुन्हा काच धरायला आला नसता."

इतकी वर्षं मी हेच मागत होते. रोज दारात उभी राहून, मनातल्या मनात, या माणसाने काच खाली ठेवावी म्हणून. आणि त्यांनी ती ठेवली तेव्हा माझं रडं काही केल्या थांबेना. भाऊजींनी तांब्या बाजूला ठेवला, यांच्यासमोर उकिडवे बसले, पट्टी सोडली आणि पुन्हा बांधायला लागले.